काकू, फाईल आहे का?

"आई, शनिवारी संध्याकाळी जेवायला बाहेर जायचंय. तू चल माझ्याबरोबर," लेक म्हणाली.

"कोणाकडे गं?"

"कोणाकडे नाही. आमच्या लिनक्सवाल्या मंडळींचं जेवण आहे. महिन्यातून एकदा जमतो आम्ही. घरच्यांना आणलं तरी चालतं."

आता हे लिनक्स कशाशी खातात, ते मला ठाऊक नव्हतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. घर सांभाळून गेली बावीस-तेवीस वर्षं पुण्यातल्या एका वस्तीत बायकांबरोबर, त्यांच्या बचत गटांचं काम करते. कम्प्युटरशी संबंध म्हणजे गटाचे हिशेब आणि घरचं वीजबिल. नवऱ्यानं तर लगेच हात वर केले. "तुम्ही दोघी जा. मी आपली घरी खिचडी टाकतो." हॉटेलचं जेवण सोडून हा माणूस खिचडी टाकतोय म्हटल्यावर खरं तर मला तेव्हाच शंका यायला हवी होती!

मैत्रिणींनो, आपल्याला लग्नाचं जेवण माहीत आहे, मुंजीचं माहीत आहे, डोहाळजेवण तर आहेच. पण कुठलंही जेवण असो, आपण पदर खोचून वाढणाऱ्यांत. कोणाला काय कमी-जास्त, मठ्ठा पुरतोय का, यातच आपली पंगत उठते. इथे मला कोणालाच वाढायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं. आणि त्याचंच जास्त दडपण आलं होतं.

डेक्कनजवळच्या एका थाळीवाल्या हॉटेलात तीन टेबलं जोडून मंडळी बसली होती. पंधरा जण. त्यांत आम्ही बायका तिघी : मी, लेक आणि एका शाळेत कम्प्युटर शिकवणाऱ्या बाई. बाकी कॉलेजातली पोरं, दोन-तीन नोकरदार आणि टोकाला पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ. अर्ध्या जणांच्या टी-शर्टवर पेंग्विन! लेक कानात म्हणाली, "ते लिनक्सचं चिन्ह आहे गं."

ताटं आली, वाढपी फिरायला लागले आणि गप्पा माझ्या डोक्यावरून जायला लागल्या. एक मुलगा शेजारच्याला सांगत होता, "अरे, काल रात्री कर्नल पॅनिक झाला. दोन वाजेपर्यंत जागा होतो."

मला राहवलं नाही. "कुठे असतात कर्नल? सीमेवर?"

टेबलावर हशा पिकला. लेकीनं डोळे मिटून घेतले. पण ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ हसता हसता उठले आणि आपलं ताट घेऊन माझ्या समोर येऊन बसले. "ताई, प्रश्न अगदी बरोबर आहे. आम्ही शब्दच असे वापरतो!"

निवृत्त इंजिनिअर होते ते. त्यांनी सांगितलं, की कर्नल म्हणजे कम्प्युटर चालवणाऱ्या यंत्रणेचा गाभा. तोच अडखळला की सगळंच ठप्प होतं, त्याला म्हणायचं कर्नल पॅनिक. लिनक्सचा हा गाभा १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. त्याच्याही आधी, १९८३ मध्ये, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमननं मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली होती. म्हणणं साधं : सॉफ्टवेअर कोणालाही वापरता यावं, ते आतून कसं चालतं ते बघता यावं, हवं तर बदलता यावं, आणि मूळचं किंवा बदललेलं दुसऱ्याला देता यावं.

"स्टॉलमन स्वयंपाकाच्या कृतीचं उदाहरण देतो," ते म्हणाले. "शेजारणीकडून कृती घ्यायची, आपल्या चवीनं मीठ-मसाला बदलायचा आणि पुढे तिसरीला द्यायची. याला कोणी चोरी म्हणतं का?"

हे मात्र मला चटकन कळलं. माझ्या घरातल्या 'रुचिरा'च्या पानापानावर आईच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं कित्येक नव्या नवरींना त्यानं तारलं. आईनं त्यात कुठे 'तिखट निम्मं' लिहिलंय, कुठे 'गूळ वाढवला'. तेच पुस्तक तिनं मला दिलं. म्हणजे आम्ही मायलेकी कधीपासून मुक्त सॉफ्टवेअरवाल्याच की!

एव्हाना पलीकडे वाद पेटला होता. ही पोरं फावल्या वेळात कम्प्युटरवरचे शब्द मराठीत आणतात. पदरमोड करून, कोणी सांगितलेलं नसताना! 'सेव्ह'ला 'जतन करा' यावर एकमत होतं. भांडण होतं 'फाईल'वरून. ती फाईलच ठेवायची की 'धारिका' म्हणायचं?

"काकू, तुम्ही सांगा. तुम्ही मराठीवाल्या ना?"

"बाबांनो, धारिका म्हटलंत तर आमच्या वस्तीतल्या बायका धार काढायला चरवी घेऊन येतील. फाईल त्यांना कळते. सरकारी कचेरीत तिच्याचमागे तर जन्म गेलाय त्यांचा."

पुन्हा हशा. पण या वेळी मीही त्यात होते.

मग साहजिकच विचारलं गेलं, "काकू, तुम्ही काय करता?" माझं नेहमीचं उत्तर तोंडात तयारच होतं, "काही नाही, घरीच असते." तेवढ्यात टेबलाखालून लेकीचा पाय लागला. "आई, सीडीचं सांग ना त्यांना."

जीभ जड झाली. कारण ती सीडी म्हणजे माझं ठसठसणारं गळू होतं.

२००३ ची गोष्ट. आमच्या वस्तीत १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या बऱ्याच बायका होत्या. कोणी माण तालुक्यातल्या, कोणी आटपाडीकडच्या. गावी दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली होती, सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या होत्या. मग पोरं काखेला मारून पुण्याला आल्या आणि लोकांची धुणीभांडी करत म्हाताऱ्या झाल्या. संस्थेत ठरलं, की यांच्या आठवणी लिहून घ्यायच्या. काम माझ्याकडे आलं. टेपरेकॉर्डर नव्हता. दुपारी त्या कामांवरून परतल्या, की मी वही घेऊन त्यांच्या उंबऱ्यात बसायची. एकोणीस जणींनी त्यांचा जन्म माझ्यापुढे ओतला. ते सगळं मी संस्थेच्या जुन्या कम्प्युटरवर एकेक अक्षर शोधत टाईप केलं. वर्ष गेलं त्यात. शेवटी एका सीडीवर घालून ठेवलं.

२००९ मध्ये आम्ही घर बदललं. सामान आवरताना त्या एकोणीस वह्या हातात आल्या. मी स्वतःशीच म्हटलं, "टाईप झालंय की सगळं! आता कशाला हा पसारा?" आणि वह्या रद्दीत घातल्या. माझ्या हातानं.

त्या एकोणीस जणींपैकी आज तिघीच हयात आहेत. एक आक्का तर २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही घरच्यांना. त्यांची नात नर्सिंग शिकते. गेल्या दिवाळीत ती आली आणि म्हणाली, "काकू, आजी सांगायची, तुम्ही तिचं सगळं लिहून घेतलंय म्हणून. मला वाचायला द्याल?"

"अगं देते की! आठ दिवसांत देते," मी छातीठोकपणे सांगून बसले.

सीडी शोधली. ती घालायला घरच्या लॅपटॉपला जागाच नाही! भाच्याच्या जुन्या कम्प्युटरवर उघडली. आणि पाहते तो काय... पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्हं, कंस, स्वल्पविराम. एक शब्द कळेल तर शपथ! टायपिंगच्या एका दुकानात नेली, तर तो म्हणाला, "फाईल खराब झालीय, मॅडम. विसरा आता." त्या दिवसापासून मी त्या मुलीच्या गल्लीतून जायचंच टाळत होते. तीन महिने!

हे सगळं मी त्या टेबलावर सांगितलं. बोलता बोलता पुरी गार झाली. मला वाटलं, जेवणाच्या वेळी कुठलं रडगाणं लावलं आपण! पण समोर बघते तर पंधराही जणांचे डोळे चमकत होते.

"कुठला फॉन्ट होता?"

"विंडोज ९८ होतं का, काकू?"

"फाईल आहे का? आत्ता आहे का?"

आणि माझ्या लेकीनं शांतपणे पिशवीतून लॅपटॉप काढला. भाच्याकडून तिनं सगळ्या फाईली आधीच उतरवून आणल्या होत्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बया मला जेवायला नाही, माझं गळू फोडायला घेऊन आली होती! आणि खिचडी टाकणारा बापही तिला सामील होता.

फाईल उघडली. एक मुलगा वर दिसणाऱ्या फॉन्टच्या नावावर बोट ठेवून म्हणाला, "हे नाव तिरकं दिसतंय ना? म्हणजे हा फॉन्ट या मशीनवर नाही. बाकी तुमची फाईल ठणठणीत आहे, काकू."

ठणठणीत! मला रडूच यायचं बाकी राहिलं.

"पण मग ही इंग्रजी अक्षरं?"

ते निवृत्त गृहस्थ म्हणाले, "ताई, तुमच्या सासूबाईंचे डबे आठवा. बोर्नव्हिटाच्या डब्यात रवा, बिस्किटांच्या डब्यात डाळ..."

"आणि हॉर्लिक्सच्या बाटलीत जिरं!"

"बरोबर. सासूबाई घरात आहेत तोवर अडत नाही. त्या चार दिवस गावाला गेल्या, की सुनेला रवा सापडत नाही. तुमचा फॉन्ट म्हणजे सासूबाई."

तेव्हाच्या पद्धतीत कम्प्युटर आत इंग्रजी अक्षरंच साठवायचा. फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार दाखवायचा. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, म्हणजे घरोघरी वेगळ्या सासूबाई. माझ्या फाईलमध्ये 'आई' हा शब्द व्ही, के, बी, झेड अशा चार इंग्रजी अक्षरांत दडला होता. फॉन्ट गेला आणि माझ्या एकोणीस जणींच्या सगळ्या आया व्ही-के-बी-झेड होऊन बसल्या!

यावर उपाय म्हणजे युनिकोड. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि तिच्यात देवनागरीही होती. जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक. आपला 'क' म्हणजे २३२५. 'आ' २३१०, 'ई' २३१२. पुणे असो की पॅरिस, २३१० आणि २३१२ लागोपाठ आले की तिथे 'आई'च दिसणार. आज आपल्या मोबाईलवर मराठी चालतं ते याच्यामुळे. २००३ मध्येही ही सोय होती, पण आमच्या संस्थेच्या जुन्या कम्प्युटरला ती झेपणारी नव्हती आणि मला तर ती ठाऊकच नव्हती.

"मग तोच फॉन्ट पुन्हा घालून द्या ना," मी म्हटलं.

"घालता येईल. पण नुसतं दिसेल, काकू. त्यात शब्द शोधता येणार नाही, मोबाईलवर पाठवता येणार नाही. उद्या पुन्हा हीच रड. त्यापेक्षा अक्षरंच बदलून घेऊ."

कोणीतरी म्हणालं, नेटवर आयते कन्व्हर्टर आहेत, त्यात टाकून बघू. तर त्या शाळेतल्या बाईंनी हात धरला. "थांब. तिथे टाकलेला मजकूर दुसऱ्या कोणाच्या तरी कम्प्युटरवर जातो. यात बायकांच्या घरच्या गोष्टी आहेत. आपल्याच लॅपटॉपवर करायचं." किती पुढचं बघितलं त्यांनी! मला हे सुचलंही नसतं.

त्या फॉन्टचा तक्ता कोणीतरी वर्षांपूर्वी तयार करून सगळ्यांसाठी ठेवून दिला होता. कोणतं इंग्रजी अक्षर म्हणजे कोणतं मराठी, असा. कोण तो, कुठला, मला ठाऊक नाही. तो काही माझ्या आक्कांसाठी बसला नसेल. पण करून ठेवलं आणि कुलूप लावलं नाही, म्हणून ते माझ्या कामी आलं.

मुलगा एका हातानं पुरी खात टाईप करत होता. पहिल्या फटक्यात मराठी आलं, पण वेडंवाकडं. पिठल्याची वेलांटी अक्षर सोडून एका रिकाम्या गोलाला लटकलेली! का, तेही त्यानं सांगितलं. पहिली वेलांटी आपण अक्षराच्या आधी काढतो, पण उच्चार नंतर करतो. जुना फॉन्ट ती काढण्याच्या क्रमानं ठेवायचा, युनिकोड उच्चाराच्या क्रमानं ठेवतं. रफाराचं उलटं. 'खर्च'मधला 'र' बोलताना 'च'च्या आधी येतो, जुन्या फाईलमध्ये तो नंतर असतो. एवढी वर्षं मराठी वाचतेय, शिकलेय, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. त्यानं दोन-चार ओळी लिहून वेलांट्या आणि रफार जागच्या जागी बसवले.

"भात आणू का?" वाढप्यानं विचारलं. कोणी उत्तरच दिलं नाही.

पडद्यावर आक्का होत्या. "आई म्हनायची, पोरी, हाताला काम आसलं की पोटाला भाकर मिळती. बाहत्तरला हाताला काम व्हतं, पन भाकर न्हवती..."

त्या ओळींखाली जागोजागी लाल नागमोडी रेघा उमटल्या होत्या. मुलगा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "काकू, हे चुकलंय वाटतं. 'व्हतं', 'पन', 'न्हवती'. दुरुस्त करू?"

"अजिबात नाही! ते बरोबर आहे. त्या अशाच बोलायच्या."

निवृत्त गृहस्थांनी लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला. बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "मी दहिवडीचा. माझी आई असंच बोलायची. मी शिकलो आणि तिला सुधारायला लागलो." चष्मा काढून पुसला आणि भात मागवला.

एका उत्साही पोरानं टेबलावर थाप मारली. "काकू, हे सगळं नेटवर टाकू या! जगाला वाचू दे. ज्ञान मुक्त पाहिजे!"

मी म्हटलं, "नाही बाळा. यात नवऱ्याचा मार आहे, सावकाराचं कर्ज आहे, एकीनं माहेरी कधीही न सांगितलेली गोष्ट आहे. त्यांनी माझ्यापाशी मन मोकळं केलं, गावापाशी नाही. कृती वाटावी रे, घरातलं दुखणं वाटू नये."

तो हिरमुसला. जरा वाद झाला. "मग जपून ठेवून उपयोग काय?" हा त्याचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. शेवटी ठरलं, की जिची मुलाखत तिच्या घरी द्यायची. पुढचं ज्या हयात आहेत त्या आणि गेलेल्यांच्या घरचे ठरवतील. मी नाही आणि लिनक्सवालेही नाहीत.

बिल आलं. टीटीएमएम, तुझं तू माझं मी. "काकूंचं आम्ही देतो," म्हणून पोरं हटून बसली. मी माझे पैसे मोजून ठेवले. पंगतीत बरोबरीनं बसले होते ना मी!

पुढचे दीड महिने रोज रात्री ओटा आवरून मी मुद्रितं तपासायला बसत होते. जोडाक्षरं सुधारली, लाल रेघांना हात लावला नाही. एकोणिसांपैकी अठरा परत आल्या. एक फाईल उघडलीच नाही. सीडीवर तिथे ओरखडा होता. पोरांनी खूप खटपट केली, पण नाही. ती वही मी रद्दीत घातली नसती तर... त्या बाई तोंडाला पदर लावून खळखळून हसायच्या, एवढंच माझ्यापाशी उरलंय. काय सांगत हसायच्या, ते गेलं.

म्हणून मैत्रिणींनो, एक सांगते. तुमच्याकडे आईनं सांगितलेल्या ओव्या, सासऱ्यांच्या आठवणी, मंडळाचे जुने अहवाल असं काही सीडीवर असेल, तर आजच उघडून बघा. त्यातली एक ओळ स्वतःला मोबाईलवर पाठवा. तिथे मराठीच दिसली तर चिंता नाही. गिचमीड दिसली, तर फाईल खराब झाली म्हणून टाकून देऊ नका, जाणकार माणूस गाठा. सगळ्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. आणि मूळ वही कधी, कधीही रद्दीत घालू नका. शिवाय, न कळणाऱ्यांच्या पंगतीत बसायची वेळ आली तर जरूर बसा. कर्नल कुठे असतात ते खुशाल विचारा.

गेल्या आठवड्यात आक्कांचे बावीस कागद छापून, स्पायरल बाइंडिंग करून त्या गल्लीत गेले. नातीनं दारातच उघडलं आणि उभ्या उभ्या मोठ्यानं वाचायला लागली. दुसऱ्या पानावर थांबली.

"काकू, 'व्हतं' असंच ठेवलंत?"

"हो. का गं, बदलायला हवं होतं?"

"नाही. आजीच बोलतीय असं वाटतंय," ती म्हणाली आणि पुढे वाचायला लागली.